मॉडर्न फिजिक्सचा पेपर घेताय? मग आधी इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये विचार करायला शिका

एसवाय किंवा टीवायला मॉडर्न फिजिक्सचा पेपर आला की वर्गात दोन गट पडतात. एक गट यूट्यूबवर मांजराचे, दोन फटींचे, काळ मंदावण्याचे व्हिडिओ बघून आलेला असतो, त्याला वाटतं आता खरी मजा. दुसऱ्याने सीनियर्सकडून ऐकलेलं असतं की डेरिव्हेशनं पाठ करा, लिहा, सुटा. युनिट टेस्टपर्यंत दोघांचंही विमान खाली आलेलं असतं, कारण पेपरात विचारलेलं असतं की अमुक धातूवर अमुक तरंगलांबीचा प्रकाश पडला तर इलेक्ट्रॉन बाहेर येतील का, आणि तिथे व्हिडिओही कामाला येत नाही आणि पाठांतरही नाही.

माझं म्हणणं एकच आहे. हा पेपर म्हणजे ऊर्जेचा हिशेब आहे, आणि त्याचं चलन इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टमधून जाताना इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी ऊर्जा. फोटॉन, अणू, न्यूक्लियस, लेसर, सेमीकंडक्टर, काहीही समोर आलं तरी आधी विचारायचं: इथे किती इलेक्ट्रॉनव्होल्टचा व्यवहार चाललाय, आणि तो कशाच्या तुलनेत मोठा किंवा छोटा आहे? हे जमलं की बाकीचा सिलॅबस ओळखीचा वाटायला लागतो. खालचं सगळं बीएस्सीवाल्यांसाठी आहे, इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरवाल्यांनी आपल्या युनिटपुरतं उचललं तरी चालेल.

लेक्चर सुरू व्हायच्या आधी: मॅथ्सची डागडुजी

फार नाही लागत, पण जे लागतं ते हाताला हवं. सेकंड ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन, जिथे दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर तेच फंक्शन एका स्थिरांकाने गुणून परत येतं, त्याची दोन्ही सोल्युशन्स झोपेतून उठवलं तरी सांगता यायला पाहिजेत: चिन्ह उणे असेल तर साइन-कोसाइन, अधिक असेल तर वाढणारं आणि घटणारं एक्स्पोनेन्शियल. क्वांटमचा निम्मा पेपर या एका वाक्यावर चालतो. त्याशिवाय कॉम्प्लेक्स नंबरचा मोड्युलस, साइन स्क्वेअरचं इंटिग्रेशन, गाउशियन इंटिग्रल, आणि सरासरी व स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय. दिवाळीच्या सुट्टीत उरकता येईल एवढंच आहे.

बायनॉमियल अप्रॉक्सिमेशन मात्र नीट घोटा. रिलेटिव्हिटीमध्ये वेग कमी असताना गॅमा (काळ किती पट ताणला जातो तो आकडा) म्हणजे १ अधिक अर्धा गुणिले वेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणोत्तराचा वर्ग, हे वापरलं नाही तर कॅल्क्युलेटर सरळ १ दाखवतो आणि विमानातल्या घड्याळाचं गणित तिथेच अडकतं.

पहिलं काम: हे आठ आकडे पाठ करा

मी पाठांतराच्या विरोधात आहे, पण इथे नाही. एसआय युनिटमध्ये १० च्या उणे ३४ व्या घाताला १० च्या ८ व्या घाताने गुणत बसलात की चूक ठरलेली, आणि चूक झाली हे कळतही नाही कारण त्या आकड्यांचा अंदाजच कोणाला नसतो. त्याऐवजी हे घ्या:

एचसी (प्लँक स्थिरांक गुणिले प्रकाशवेग) = १२४० इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर
एच-बार सी (वरचाच आकडा भागिले दोन पाय) = १९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर (न्यूक्लियससाठी हाच आकडा एमईव्ही-फर्मी; एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, फर्मी म्हणजे नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग)
इलेक्ट्रॉनची रेस्ट एनर्जी = ५११ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट)
प्रोटॉनची = ९३८ एमईव्ही
दोन इलेक्ट्रॉनिक चार्जमधल्या कुलंब ऊर्जेचा स्थिरांक = १.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर
हायड्रोजनची आयनायझेशन एनर्जी = १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट
बोर त्रिज्या = ०.०५३ नॅनोमीटर
खोलीच्या तापमानाला केटी = साधारण १/४० इलेक्ट्रॉनव्होल्ट (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, परीक्षेतली केटी नव्हे)

आता गंमत बघा. ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश: १२४० भागिले ४००, म्हणजे ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ७०० चा लाल: जवळपास १.८. डोळ्याला दिसणारा सगळा प्रकाश या दोन आकड्यांच्या मध्ये बसतो. सोडियमचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन धातूबाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ५४० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश कितीही झगझगीत टाका, फोटोइलेक्ट्रिक करंट शून्य. आणि ४०० चा टाकला तर स्टॉपिंग पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन थोपवायला लागणारं उलटं व्होल्टेज) ३.१ वजा २.३, म्हणजे ०.८ व्होल्ट. कॅल्क्युलेटर काढलाच नाही आपण.

थोडं पुढे जाऊ. इलेक्ट्रॉनला ०.०५३ नॅनोमीटरच्या जागेत कोंडला तर अनिश्चितता तत्त्वाने त्याचा संवेग साधारण एच-बार भागिले तेवढं अंतर. सी ने गुणून १९७ भागिले ०.०५३, म्हणजे ३७०० च्या आसपास इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याचा वर्ग करा, ५११ केईव्हीच्या दुपटीने भागा, उत्तर येतं १३.६ च्या जवळ. अणू तेवढाच का आहे याचं निम्मं उत्तर दोन ओळीत आलं! आता त्याच इलेक्ट्रॉनला १० फर्मीच्या जागेत, म्हणजे न्यूक्लियसच्या आकाराच्या खोलीत कोंडा: १९७ भागिले १० म्हणजे जवळपास २० एमईव्ही. बीटा डीकेमध्ये बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन साधारण एक-दोन एमईव्हीचे असतात. म्हणून इलेक्ट्रॉन आत आधीपासून बसलेला नसतो, डीकेच्या क्षणी तयार होतो. हा प्रश्न व्हायवाला हमखास येतो.

दुसरं काम: प्रयोगांची वही

जुन्या क्वांटम थिअरीचा भाग, म्हणजे १९०० मधल्या प्लँकपासून १९२७ पर्यंतचा, बहुतेक जण इतिहासासारखा वाचतात आणि सनावळ्या लक्षात ठेवतात. सनावळ्या माहीत असू देत, पण प्रत्येक प्रयोगाला वहीचं एक पान द्या आणि त्यावर तीनच गोष्टी लिहा: जुन्या फिजिक्सनुसार काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं (आकड्यासकट), आणि त्यासाठी कोणती नवी गोष्ट मान्य करावी लागली.

उदाहरणार्थ फोटोइलेक्ट्रिक. हर्ट्झला १८८७ मध्ये तो दिसला, लेनार्डने १९०२ मध्ये दाखवलं की प्रकाशाची तीव्रता वाढवली तरी इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा वाढत नाही, आइनस्टाइनने १९०५ मध्ये समीकरण दिलं. पण ते समीकरण लगेच कोणी डोक्यावर घेतलं नाही. मिलिकनला फोटॉनची कल्पना मुळीच पटलेली नव्हती, त्याने वर्षानुवर्षं खपून मोजमापं केली आणि १९१६ मध्ये जी सरळ रेषा छापली तिच्या स्लोपमधून आलेली प्लँक स्थिरांकाची किंमत आजच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आत आहे. न पटणाऱ्या माणसाने केलेला प्रयोग जास्त पक्का वाटतो मला. पुढे लॅबमध्ये हाच ग्राफ काढाल तेव्हा स्लोप, एक्स-इंटरसेप्ट, वाय-इंटरसेप्ट या तिन्हींचा अर्थ सांगता आला पाहिजे.

कॉम्प्टनच्या पानावर (१९२३; एक्स-रे इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरला की त्याची तरंगलांबी वाढते) हा प्रश्न लिहा: हा परिणाम दिसणाऱ्या प्रकाशात का दिसत नाही? ९० अंशात तरंगलांबीतला फरक २.४३ पिकोमीटर, मग येणारा किरण कुठलाही असो. कॉम्प्टनने वापरलेल्या मॉलिब्डेनमच्या एक्स-रेची तरंगलांबी ७१ पिकोमीटर होती, म्हणजे फरक तीन टक्क्यांहून जास्त. हिरव्या प्रकाशाची ५,००,००० पिकोमीटर. सापडणार कसा?

डेव्हिसन-जर्मर, १९२७, निकेलच्या क्रिस्टलवरून विखुरलेले इलेक्ट्रॉन, ५४ व्होल्ट, ५० अंशाला उंचवटा. डी ब्रॉग्ली तरंगलांबी काढायला १.२२६ भागिले व्होल्टेजचं वर्गमूळ, उत्तर नॅनोमीटरमध्ये: ०.१६७. क्रिस्टलवरून मोजलेली ०.१६५. हे सूत्र सोपं आहे म्हणून सगळीकडे चालवू नका हं. १०० केईव्हीच्या इलेक्ट्रॉनला लावलं तर ३.८८ पिकोमीटर येतं, खरं उत्तर ३.७०, कारण १०० ही ५११ च्या तुलनेत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. नियम साधा: कायनेटिक एनर्जी रेस्ट एनर्जीच्या एक टक्क्याच्या वर गेली की रिलेटिव्हिटीचं सूत्र काढा.

रदरफर्ड, बोर, फ्रँक-हर्ट्झ, स्टर्न-गर्लाक यांची पानं स्वतः भरा. फ्रँक-हर्ट्झला ४.९ व्होल्टचे टप्पे आणि पाऱ्याची २५४ नॅनोमीटरची रेषा यांचा संबंध १२४० ने जोडून बघा, छान वाटतं.

तिसरं काम: रिलेटिव्हिटी, आणि घटना लिहायची सवय

इथे मुलं सगळ्यात जास्त मार्क घालवतात, आणि गणित अवघड असतं म्हणून नाही, कारण वर्गमूळापलीकडे त्यात काही नसतं. चूक होते ती सूत्र निवडताना. टाइम डायलेशन, लेंग्थ कॉन्ट्रॅक्शन ही दोन सूत्रं पाठ असतात आणि गॅमाने गुणायचं की भागायचं यावर टॉस होतो.

उपाय कंटाळवाणा आहे पण काम करतो. गणितातल्या घटना वेगळ्या काढा. घटना म्हणजे एक जागा आणि एक वेळ: 'म्युऑन (वातावरणात वर तयार होणारा, इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) तयार झाला' ही पहिली, 'म्युऑन जमिनीवर पोचला' ही दुसरी. दोन फ्रेमचे दोन कॉलम करा, प्रत्येक घटनेचे एक्स आणि टी लिहा, माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह, आणि मग सरळ लॉरेन्ट्झ ट्रान्सफॉर्मेशन लावा. ज्या फ्रेममध्ये दोन्ही घटना एकाच जागी घडतात तिथला वेळ प्रॉपर टाइम, तो सगळ्यात लहान. लांबी मोजायची तर दोन्ही टोकं एकाच वेळी टिपायची, आणि 'एकाच वेळी' हे प्रत्येक फ्रेमचं वेगळं असतं. ट्रेन आणि बोगदा, शिडी आणि गॅरेज, असले सगळे पॅराडॉक्स या शेवटच्या अर्ध्या वाक्यात मरतात. त्यामुळे सायमल्टेनिटीवर एक अख्खी संध्याकाळ घालवा, बाकीच्या गोष्टी मागून येतात.

म्युऑनचंच करून बघू. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, वेग ०.९९८ सी, अंतर १० किलोमीटर. आपल्या घड्याळाने प्रवासाला ३३.४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे पंधरा आयुष्यं. डायलेशन नसतं तर कोटीत दोन-तीन म्युऑन खाली पोचले असते. गॅमा आहे १५.८, म्हणून आपल्या दृष्टीने आयुष्य जवळपास ३५ मायक्रोसेकंद, आणि सुमारे ३८ टक्के पोचतात. आता म्युऑनच्या बाजूने बघा: त्याचं आयुष्य २.२ च, पण १० किलोमीटर त्याच्यासाठी ६३३ मीटर, आणि तेवढं पार करायला २.१ मायक्रोसेकंद. तोच ३८ टक्के. दोन फ्रेममधून मोजलेली डोकी सारखीच आली पाहिजेत, आली नाहीत तर कॉलममध्ये गडबड आहे. (समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो, म्हणजे हे वाचताना तुमच्या तळहातातूनही जातायत. उटीला टीआयएफआर या संशोधन संस्थेची ग्रेप्स-३ ही यंत्रणा हेच म्युऑन मोजते.)

टक्कर आणि डीकेच्या गणितांत वेग काढतच बसू नका. ऊर्जा, संवेग गुणिले सी, आणि रेस्ट एनर्जी यांचा काटकोन त्रिकोण काढा, ऊर्जा कर्णावर. बहुतेक गणितं वेग न काढताच सुटतात.

चौथं काम: श्रोडिंजर समीकरण हाताने चालवणं

हे सगळ्यात श्रीमंत प्रकरण आहे, इथे घाई केलीत तर पुढचं क्वांटम मेकॅनिक्स अंधारात जाईल. प्रत्येक प्रश्नाला हाच क्रम ठेवा: पोटेन्शियलचं चित्र काढा, त्यावर ऊर्जेची आडवी रेघ मारा. रेघ पोटेन्शियलच्या वर असेल तिथे साइन-कोसाइन, खाली असेल तिथे एक्स्पोनेन्शियल. अनंताला जाऊन फुगणारं सोल्युशन फेकून द्या. मग सीमेवर साय (म्हणजे वेव्ह फंक्शन) जुळवा, तिचा स्लोप जुळवा (भिंत अनंत उंच असेल तर स्लोप जुळवायचा नसतो, ही चूक फार होते). या जुळवाजुळवीतूनच ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या आपोआप पडतात. गिटारच्या तारेला दोन्ही टोकं बांधली की ठरावीकच सूर निघतात, तसंच आहे हे, कोणी क्वांटायझेशन वरून लादलेलं नाही. शेवटी नॉर्मलायझेशन.

पण त्याच्याही आधी, पेन्सिलने सायचं कच्चं चित्र काढायची सवय लावा. एन नंबरच्या पातळीला मध्ये एन वजा एक शून्यं. जिथे कायनेटिक एनर्जी जास्त तिथे लाटा दाट आणि बुटक्या, जिथे कमी तिथे विरळ आणि उंच. चित्र बरोबर असेल तर बीजगणितात चूक झाली तरी पकडता येते.

आकडे घाला मग. १ नॅनोमीटरच्या पेटीतला इलेक्ट्रॉन: पहिली पातळी एचसीचा वर्ग भागिले आठ पट रेस्ट एनर्जी भागिले लांबीचा वर्ग, म्हणजे ०.३७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दुसरी चौपट. फरक १.१३, म्हणजे ११०० नॅनोमीटर, इन्फ्रारेड. पेटीची लांबी बदलली की रंग बदलतो. क्वांटम डॉटमध्ये मुळात हेच चालतं, टीव्हीच्या जाहिरातीत दिसणारे आणि २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळवणारे तेच.

टनेलिंगला डेरिव्हेशन लांब आहे, लिहा एकदा, पण लक्षात ठेवायचं ते घटत जाणारं एक्स्पोनेन्शियल. ४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अडथळ्यात साय दर नॅनोमीटरला साधारण ई च्या उणे दहाव्या घाताने घसरते, प्रॉबेबिलिटी त्याच्या दुप्पट घातांकाने. म्हणून टोक आणि पृष्ठभाग यांच्यातलं अंतर फक्त ०.१ नॅनोमीटरने वाढलं की करंट आठवा हिस्सा उरतो. १९८१ मध्ये बिनिग आणि रोररने बनवलेला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप याच घसरणीमुळे एकेक अणू दाखवू शकला.

हायड्रोजनच्या अणूचं पूर्ण रेडियल सोल्युशन बघून घाबरायची गरज नाही. चार क्वांटम नंबर काय मोजतात ते, पहिली दोन-तीन फंक्शन्स, आणि एवढं की ग्राउंड स्टेटमध्ये इलेक्ट्रॉन सापडण्याची सर्वात जास्त शक्यता बोर त्रिज्येवर असते पण सरासरी अंतर तिच्या दीडपट. या दोन गोष्टी वेगळ्या का, हे आयआयटी जॅमची (एमएस्सी प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्यांनी स्वतः इंटिग्रेट करून बघावं.

पाचवं: तारे, न्यूक्लियस वगैरे

इथून पुढे आधीचीच शस्त्रं. हायड्रोजनची पहिली उडी १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टची, खोलीतली केटी ०.०२५, म्हणून खोलीतल्या सगळ्या अणूंचा मुक्काम तळमजल्यावर. १०,००० केल्विनला केटी ०.८६, तेव्हा कुठे लाखात दोन-तीन वर चढतात, आणि म्हणून व्याधासारख्या त्या तापमानाच्या ताऱ्यांत बामर रेषा (हायड्रोजनच्या दुसऱ्या पातळीवरून निघणाऱ्या) ठळक असतात. त्याहून गरम ताऱ्यांत हायड्रोजन फुटूनच जातो, तो हिशेब मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडला.

न्यूक्लियससाठी नॅनोमीटरच्या जागी फर्मी आणि इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जागी एमईव्ही, स्थिरांक तेच. ५ एमईव्हीचा अल्फा सोन्याच्या किती जवळ जातो? २ गुणिले ७९ गुणिले १.४४ भागिले ५, साधारण ४५ फर्मी. सोन्याच्या न्यूक्लियसची त्रिज्या ७, म्हणजे स्पर्शही झाला नाही. क्यू व्हॅल्यूच्या (न्यूक्लियर प्रक्रियेत सुटणाऱ्या ऊर्जेच्या) गणितात टेबलातली वस्तुमानं अणूंची असतात, नुसत्या न्यूक्लियसची नाहीत, त्यामुळे बीटा प्लसला १.०२२ एमईव्ही वेगळे वजा करावे लागतात. दरवर्षी कितीतरी जण इथे घसरतात.

प्रॅक्टिकल आणि जर्नल

एलईडीने प्लँक स्थिरांक काढायचा प्रयोग जवळपास सगळ्या कॉलेजात असतो. उत्तर दहा-वीस टक्के चुकलं तर घाबरून रीडिंग 'दुरुस्त' करू नका, एक्स्टर्नलला ते लगेच दिसतं. एलईडी अमुक व्होल्टेजला एकदम पेटत नाही, करंट हळूहळू वाढतो आणि 'नी' (ग्राफचा गुडघा, म्हणजे वळण) कुठे मानायचा हे तुमच्या हातात असतं, शिवाय प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो. हेच दोन मुद्दे एररच्या चर्चेत लिहा. आणि सगळ्या रंगांना 'नी' ठरवायचा करंट एकच ठेवा, मग स्लोप बराच सुधारतो.

जीएम (गायगर-म्युलर) काउंटरला आधी प्लॅटो (व्होल्टेज बदललं तरी काउंट जवळपास स्थिर राहतो तो पट्टा) काढा, मग बॅकग्राउंड, मग सोर्स. १०० काउंटमध्ये अनिश्चितता १०, म्हणजे दहा टक्के. १०,००० मध्ये १००, म्हणजे एक टक्का. त्यामुळे दहा सेकंदांची पाच रीडिंग घेऊन पळायचं की एक लांब रीडिंग घ्यायचं, हे काउंट रेट बघून ठरवा. फ्रँक-हर्ट्झची ट्यूब आरगॉनची असेल तर टप्पे ११-१२ व्होल्टचे येतील, पुस्तकातल्या पाऱ्याच्या ४.९ शी जुळवत बसू नका.

जमलं तर २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत जा, विज्ञान दिनाला ते लोकांना बघायला मिळतं. ४५ मीटरच्या ३० डिश आहेत तिथे, आणि ज्या हायड्रोजन रेषेसाठी रेडिओ खगोलवाले जीव टाकतात ती १४२० मेगाहर्ट्झची, म्हणजे एका फोटॉनमागे ०.०००००६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटा झाला की एवढाच हिशेब बदलतो.

सेमिस्टर चालू असताना

लेक्चरच्या दिवशीच रात्री त्या भागाची दोन गणितं, आकड्यांसकट. डेरिव्हेशन वाचायचं नाही, पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर काढायचं, अडलात तर अडलेल्या ओळीवर खूण करून फक्त तेवढंच बघायचं. फेट नावाची कोलोराडो विद्यापीठाची फुकट सिम्युलेशन्स आहेत, त्यातलं फोटोइलेक्ट्रिकचं उघडा आणि बटण दाबायच्या आधी उत्तर लिहून ठेवा. नुसती बटणं दाबण्यात काही शिकणं होत नाही. एखादा मित्र गाठून त्याला मराठीत समजावून सांगा, 'सिस्टिम क्वांटाइज होते' असं तोंडातल्या तोंडात म्हणून सुटता येत नाही तिथे.

परीक्षेच्या आधी जुने पेपर सोडवा, पण गणितं आधी, थिअरी नंतर. प्रत्येक उत्तराखाली एक ओळ: हा आकडा शक्य आहे का? अणूतली ऊर्जा एमईव्हीत आली, वेग सी च्या वर गेला, डी ब्रॉग्ली तरंगलांबी किलोमीटरमध्ये आली, तर मागे जा. आणि पेपर हातात पडल्यावर पहिल्या मिनिटाला ते आठ आकडे मागच्या पानावर उतरवून ठेवा. आयएपीटी या फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची एनजीपीई ही पदवी पातळीवरची परीक्षा द्यायचा विचार असेल तर ती जानेवारीत असते, त्यामुळे फॉर्म भरायची तारीख सेमिस्टरच्या सुरुवातीलाच डिपार्टमेंटमध्ये विचारून घ्या.